नुवालिंगाच्या अक्षरांचा फोन

नुवालिंगा लेकीसाठी दहा वाक्यं बोलायची आणि जावई जोनासी फोनवर दोनच शब्द बडवायचा: आई ठीक.

"मेल्या, एवढंच? घाबरू नकोस म्हटलं, कुशीवर झोप म्हटलं, ते कुठं गेलं?"

"इंग्रजीत तेवढंच बसतं, आई," जोनासी तिच्या कानाशी ओरडायचा.

तिला फोनवरचं ऐकू येत नव्हतं आणि इंग्रजी अक्षरांशी तिचं वाकडं होतं. आपली इनुइटांची त्रिकोणी, आकड्यांसारखी अक्षरं मात्र ती झरझर लिहायची. ती फोनवर वाचता यायची, लिहायची सोय नव्हती. एकदा चिठ्ठीचा फोटो पाठवला, तो पोचेपर्यंत लेक रडून झोपलीसुद्धा. अशानं गप्पा होतात होय?

लेक, म्हणजे गीला, पहिलटकरीण. रक्तदाब वाढला म्हणून विमानानं ओटावाला नेलेली, दवाखान्यात एकटी. शिवाय बाळाचं नाव नुवालिंगानंच द्यायचं होतं. गेलेल्या माणसाचं नाव दिलं की ते माणूस घरी परततं, मग मुलगा होवो की मुलगी. असलं नाव जावयाच्या हातून, परक्या अक्षरांत धाडायचं? छे!

इकालुइत शहरातल्या एका मास्तरणीनं आपल्या अक्षरांचा कीबोर्ड बनवला होता. पण फोनवाल्या कंपनीनं तो मंजूर केला नव्हता, आणि नामंजूर गोष्टीला फोन आत घेईना. आधी फोनचं कुलूप तोडायला हवं होतं.

"बिघडला तर?" जोनासी म्हणाला. "घरात फोन हा एकच. दुरुस्तीला विमानानं जावं लागेल."

"मग जपून तोड!"

गावातलं नेट मंद; त्यासाठीची भलीमोठी फाइल उतरवायची तर अख्खं पांगनिर्तुंग गाव नेटवरून उठायला हवं. गाव उठतं फक्त हॉकीच्या सामन्याला, आणि गोलकीपर होता खुद्द जोनासी. ऐन अंतिम सामन्याला तो घरी बसला. संघातल्यांनी 'सासूचा गुलाम' म्हणून शिव्या हासडल्या, त्यानं मुकाट ऐकून घेतल्या.

फाइल उतरली. फोन कॉम्प्युटरला जोडला. पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

"मेला का रे?"

"माहीत नाही, आई."

आपल्या हट्टापायी पोर तिकडं पार एकटी पडली, असं नुवालिंगाला वाटलं. तिनं काळा पडदा बाहीनं पुसून पाहिला. जोनासीनं वायर काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

या खेपेला पडदा उजळला. खाली ओळीनं आपली अक्षरं!

तिनं फोन हिसकावूनच घेतला आणि एका बोटानं लिहीत सुटली. घाबरू नकोस. कुशीवर झोप. आपण सामना हरलो. तुझा नवरा माणूस बरा आहे. बाळाचं नाव काप्पिक, तुझ्या बाबांचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मासा चिरत बसली असताना जोनासी धावत आला. गीलाचं उत्तर इंग्रजी अक्षरांत होतं. ते त्यानं ओरडूनच वाचलं.

"मुलगी झाली, आई! गीला म्हणते, कळा येत होत्या तेव्हा तुझं लिहिलेलंच पुन्हा पुन्हा वाचत होते. म्हणते, बाबा दूध पितायत."

नुवालिंगानं माशाचे हात तसेच पँटीला पुसले. डोळे मात्र पुसायचं तिला सुचलं नाही. फोन ओढून घेऊन तिनं लिहिलं,

"त्यांना सांग, बायको वाट बघतेय."