खुंटीवरची करवत

"शोधणाऱ्याला सगळं मिळतं. ज्याला शोधायचीच अक्कल नाही, त्याच्या हातात आणून ठेवलं तरी दिसायचं नाही."

सासरे हे करवतीला सांगत होते. गल्ल्यामागे बसलेल्या सुनेच्या कानापासून वीतभर अंतरावर बसून सांगत होते, तेव्हा ते ऐकायचं कुणी, हे उघडच होतं. ती जुनी लाल चेनसॉ ते दर आठवड्याला खुंटीवरून उतरवत, मांडीवर घेत, मऊ फडक्यानं पुसत आणि पुसता पुसता मुलाची अब्रू काढत. मुलगा तिथेच कामाच्या टेबलाशी पाठ करून बसलेला असे. त्याच्या पाठीला ऐकायची सवय झाली होती. तोंडाला बोलायची मात्र कधी झालीच नाही.

दुकान जुन्या चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, दुरुस्त करायचं. त्या बनवणारी कंपनी बुडून जमाना झाला, पण मशिनं मरायला तयार नव्हती आणि मालक त्यांना सोडायला. नवीन घ्या म्हटलं की नाक मुरडत. "छे, त्या प्लास्टिकच्या खेळण्यात काय दम?" आणि मग आपलं ते दमदार मशीन टेबलावर आदळून म्हणत, "याचा तेवढा कार्बोरेटर बघा." जणू कार्बोरेटर मंडईत जुडीनं मिळतो.

भंगारवाल्याकडे मिळे तो गंजलेला. फोनवर फोटो दाखवून विकणारे होते, ते पाठवत भलताच. तरी या दुकानातून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नव्हतं. सासरे म्हणत, ही आपल्या नावाची पुण्याई.

खरी पुण्याई त्यांच्या मांडीवर होती.

सुरुवात बर्फवाल्यापासून झाली. तो समारंभांसाठी बर्फाचे हंस कोरायचा. ऐन हंगामात त्याच्या करवतीची कॉइल जळली आणि तो दुकानात येऊन रडायचाच बाकी राहिला. सुनेच्या नवऱ्यानं खुंटीकडे पाहिलं. "नवी आली की परत बसवतो," असं स्वतःलाच सांगून त्यानं बापाच्या करवतीची कॉइल काढली. नवी यायची होती ती कधी आली नाही. मग क्लच वखारवाल्याकडे गेला, ऑइल पंप सुताराकडे, आणि असं करत करत शेवटी पिस्टनही गेला. बाहेरून रंग असा चकचकीत की तोंड बघून घ्यावं, आणि आत? बडा घर पोकळ वासा.

पण नवऱ्याची लबाडीही कशी काटेकोर! भाग काढला की तो काट्यावर तोलायचा आणि तेवढ्याच वजनाचे जुने नटबोल्ट चिंधीत आवळून आत कोंबायचा. खुळखुळ व्हायला नको, उचलताना हलकं लागायला नको. एवढ्या हुशारीतली चिमूटभर जिभेवर ठेवली असती तर काम झालं असतं, असं बायकोला वाटे.

गिऱ्हाइकांना सगळं ठाऊक होतं. सासरे रस्त्यानं निघाले की वखारवाला ताडकन उठून उभा राहायचा. बर्फवाला खुर्ची पुसून द्यायचा. सासरे घरी येऊन सांगायचे, "माणसं अजून मान ठेवून आहेत हो." सून मान डोलवायची. ज्याच्या मशिनात यांचा पिस्टन धडधडतो, तो उभा राहणार नाही तर काय लोळणार?

"सांगून टाका एकदा," ती नवऱ्याला म्हणायची.

"बघू."

"काय बघू?"

"त्यांचा मूड बघू. नाहीतर तूच सांग ना. तुझं ऐकतात ते."

हेच तर तिचं दुखणं होतं. सासऱ्यांचा फ्रीज कायमचा बंद पडलाय, हे तिनं सांगितलं. त्यांची स्कूटर विकायला हवी, हेही तिनंच. डॉक्टरनं तंबाखू बंद केलीय, हे सांगून शिव्या खाल्ल्या त्याही तिनंच, तेव्हा चिरंजीव दाराआड उभे होते. "आता नाही," तिनं नवऱ्याला बजावलं होतं. "बापाशी एक वाक्य तोंड वर करून बोललात, तर या संसारात मी नवऱ्याबरोबर राहते असं म्हणेन. नाहीतर मी म्हणजे तुमची जीभ, दुसरं काय?"

त्या दिवशी सासऱ्यांचं पुसणं चालू असताना एक साहेब आत आले. अंगाला अत्तर, हातांत घातलेले पांढरे मोजे. त्यांना जुन्या चेनसॉ जमवायचा नाद होता. दिवाणखान्यात ओळीनं लावल्या होत्या म्हणे, प्रत्येकीवर वेगळा दिवा.

"अहाहा! रंगसुद्धा मूळचा!" मोजेवाले साहेब वाकले. "आतले भाग?"

"एकही बदललेला नाही," सासरे छाती काढून म्हणाले.

नवऱ्याच्या हातातला पाना खाली पडला. सुनेला हसू दाबावं लागलं, कारण म्हातारा अक्षरशः खरं बोलला होता. बदलला नव्हताच एकही.

"देणार का?"

सासऱ्यांनी फडकं थांबवलं. मुलाच्या पाठीकडे पाहिलं. "देतो," ते म्हणाले. "मी गेल्यावर हा भंगारात घालेल. त्यापेक्षा कदर असलेल्याच्या घरी जाऊ दे."

आता नवऱ्याची पाठ वळली आणि त्याचा चेहरा दिसला. फाशीच्या कैद्याला माफी मिळावी तसा फुलला होता. सुनेनं त्याचा हिशेब एका नजरेत वाचला. करवत परक्याच्या भिंतीवर जाईल, दिव्याखाली मिरवेल, आत डोकावायला कुणी जाणार नाही. सुंठीवाचून खोकला जायचा होता आणि या गृहस्थाला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. तिच्या कपाळावर आठी पडली. असा नवरा लाभायलाही भाग्य लागतं.

"पण चालवून दाखवतो," सासरे म्हणाले.

"नको नको," साहेबांनी मोजे हलवले. "मला भिंतीवर लावायची आहे."

"आधी चालवाल, मग लावाल ना?"

"चालवायची कशाला? खराब होईल. शिवाय मला आवाजाचा त्रास होतो."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जी आजवर फक्त मुलाच्या वाट्याला यायची. "साहेब, घोडा घ्यायचा आणि त्याला कपाटात ठेवायचा? बंद वस्तू मी जन्मात कुणाच्या गळ्यात मारली नाही. पेट्रोल आण रे!"

"संपलंय," नवरा म्हणाला. भरलेला कॅन त्याच्या पायाशीच होता.

साखळीला धार लावून घ्यायला आलेला वखारवाला पुढे सरसावला. "काका, राहू द्या ना. शेजारी कुणी झोपलं असेल."

"भर दुपारी? तुझ्या वखारीच्या खडखडाटात कोण झोपतंय?"

"तसं नाही, तुमच्या कंबरेला बरं नाही..."

"माझ्या कंबरेची चौकशी तुला कधीपासून?" असं म्हणत सासऱ्यांनी कॅन स्वतःच उचलला, टाकी भरली, करवत जमिनीवर ठेवली. मागच्या मुठीत बुटाचं टोक अडकवलं आणि दोरीची मूठ बोटांत घेतली. उभं राहण्याची ती ढब पाहून कुणीही ओळखलं असतं, की या माणसानं आयुष्यभर हेच केलंय.

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. फ्रीजची, स्कूटरची, दाराआडची. तिनं गल्ल्यावरचा स्पार्क प्लगचा डबा पुढे ओढला आणि उगीचच प्लग निवडत बसली. पण डोळे मेले ऐकेनात. तो म्हातारा आता परक्या माणसासमोर चिंध्यांना जोडलेली दोरी ओढणार, पुन्हा ओढणार, घामाघूम होणार, आणि ते पांढरे मोजे सहानुभूतीनं एकमेकांत गुंफले जाणार. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तिनं ओठ दातांखाली घट्ट धरले.

दोरी ताणली गेली, तोच नवरा उठला. स्टूल उलटं पडलं. त्यानं बापाचं मनगट धरलं. धरल्यावर त्यालाच कळेना आता पुढं काय करायचं.

"सोड हात," सासरे म्हणाले.

"बाबा, ओढू नका."

"का?"

वखारवाला दाराकडे सरकला. साहेबांनी घसा साफ केला. नवऱ्यानं पुन्हा एकदा बायकोकडे पाहिलं. तिनं डब्यातून मान वर काढली नाही.

"आत इंजिन नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, या खेपेला नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आत काहीच नाही. मी काढलं, एकेक करून. तुम्हाला विचारायची भीती वाटायची, बाबा. अजून वाटते."