फळ्यावरचं नाव

मुरुडच्या अलीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या दारात नवा फळा लागला. वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘पारदर्शक कारभार’. असे फळे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत आणि ते आपण क्वचितच वाचतो. पण शेजारच्या घरातलं नाव असलं, की अख्खं गाव वाचतं.

त्यावर दिशाचं नाव होतं. पोषण आहार मिळालेल्या क्षयरुग्णांमध्ये. नाव, वय, घर क्रमांक, मोबाइल नंबर आणि आजार. ग्रामसेवक अल्पेशने फळ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, ‘आपली ग्रामपंचायत, आपली माहिती.’

दिशा मुरुडच्या एका लॉजवर काउंटर सांभाळायची. तिचे उपचार पूर्ण झाले होते आणि शेवटच्या तपासणीत जंतू सापडले नव्हते. औषधं नियमित घेतली, तर बहुतेक रुग्णांकडून संसर्ग पसरणं काही आठवड्यांतच थांबतं. पण फळ्यावर एवढं कुठे लिहिलेलं असतं? लॉजच्या मालकाचा फोन आला. “जरा आराम कर, दिशा. गिऱ्हाईक घाबरतं गं.”

तिची आई केसर डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. दुसऱ्या दिवशी पहिल्याच दारात तिला ऐकावं लागलं, “आज नको गं, सोमवार आहे.”

“सोमवार काल झाला, वहिनी.”

“हो का? मग... मंगळवारही धरते मी.” दार लागलं.

पुढची दारंही तशीच लागली. भरलेली पाटी घेऊन केसर घरी आली आणि ओट्यावर ती आपटली.

“मी त्या ग्रामसेवकाला सोडायची न्हाय,” ती म्हणाली. “त्याच्या घरातलं मला बी ठाऊक हाय.”

आणि ते खरं होतं. गावातली दुखणी कोळणीला मासळीवरून कळतात. कोणी रोज मुडदुशा मागू लागलं, तर घरात कोणी आजारातून उठतंय. मुशी मागितली, तर बाळंतीण आहे. केसर अल्पेशच्या घरी मुडदुशा पोचवायची. मागच्या दारी अल्पेशची बायको अमिषा एकदा तिच्यापाशी रडली होती. तिसऱ्यांदा दिवस राहून गर्भ पडला होता. ‘सासूबाईंना माहीत नाही, मावशी. कुणाला बोलू नका.’

“ग्रामसभेत माईक घेनार,” केसर म्हणाली. “सांगनार, ग्रामसेवक, तुमच्या बायकोचं पन लावा की फळ्यावर! तिसऱ्यांदा रिकामी झाली, लिहा! बघू दे त्याला, नाव लावलं की कसं लागतं.”

“आये, नाही.”

“का न्हाय? तुला दुखलं न्हाय?”

“दुखलं म्हणूनच सांगते. मी दवाखान्यात सांगितलं, अमिषाने तुला मागच्या दारात सांगितलं. दोघींनीही विश्वासानेच. त्याने माझं फळ्यावर लावलं, तू तिचं माईकवर लावणार. मग तुमच्यात फरक काय? त्याच्याकडे खडू होता, एवढाच?”

“शिकलीस नि मवाळ झालीस तू.”

“मवाळ? मला त्याची मान खाली गेलेली बघायचीय, अख्ख्या गावासमोर! पण त्याच्या कामावरून. कारभार त्याचा आहे, पोट तिचं आहे. पाटीतलं मावरं तू कल्ले उचलून दाखवतेस ना? ते दाखवायलाच पाहिजे. पण मुडदुशा कोणासाठी नेल्या, हे कधी ओरडत फिरलीस?”

“त्या बायांनी माझ्या पोरीचं नाव नासवलं नव्हतं,” केसर म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. तिचं ठरलं होतं.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. अल्पेशने नव्या फळ्याचं कौतुक सुरू केलं, तोच केसर उठली आणि तिने माईक घेतला.

“माझ्या पोरीचं दुखनं कोनाला इचारून लावलं?”

“मावशी, शासनाचा पैसा आहे. माहिती खुली ठेवावीच लागते.” अल्पेश हसून म्हणाला. “आणि त्यात लपवायचं काय? आजार म्हणजे काय चोरी आहे?”

काही माना डोलल्या. केसरला हवं तेच वाक्य त्याने बोलून दिलं होतं. आता फक्त म्हणायचं होतं, ‘मग तुमच्या घरचं सांगू?’ तिने श्वास घेतला. बायकांच्या घोळक्यात अमिषा बसली होती. तिने वर पाहिलं नाही. ओढणीचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळून ती खाली बघत राहिली. केसर काय बोलणार, हे तिला कळलं होतं. शेजारी तिची सासू कौतुकाने लेकाकडे पाहत होती.

केसरने ते बोट पाहिलं. गेले कित्येक दिवस दिशाही अशीच बसत होती! जिभेवरचं वाक्य तिने गिळलं. ते कडू होतं.

“आजार चोरी न्हाय,” ती सावकाश म्हणाली. “बरं, माहिती खुलीच ठेवायची, तर मला एक सांगा. धक्क्यावरचे दिवे दोनदा बसवले, दोनदा इझले. ते काम कोनाला दिलं व्हतं?”

अल्पेशचं हसू ओसरलं. “ते... ते कार्यालयीन आहे, मावशी. असं सभेत नाही सांगता येत. अर्ज करा, बघू.”

“वा रे वा!” केसरचा आवाज माईकमधून बाहेरपर्यंत गेला. “माझ्या पोरीची छाती उघडी नि ठेकेदार तेवढा पडद्यात! लय लाजरा दिसतोय!”

सभा हसली. मग हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. दिशा उठली.

“माहितीचा कायदा सरकारचं काम उघडं करायला आहे. माणसाचं खाजगी आयुष्य झाकायची सोयही त्यातच आहे. आहार किती जणांना मिळाला, तो आकडा पुरेसा होता. तुम्ही नेमकं उलटं केलंत.”

सरपंच कृष्णाबाईंनी अल्पेशकडे पाहिलं. “ग्रुपवरचा फोटो आत्ता हटवा. फळाही पुसा. आणि दिव्यांचे कागद इथं आणा, सगळ्यांसमोर.”

अल्पेश मान खाली घालून म्हणाला, “चुकलं माझं. माफी मागतो.”

“इथं नको,” केसर म्हणाली. “जिथं जिथं वाचलं गेलं, तिथं मागायची. माझ्यासंगती यायचं.”

दिशाने होकार दिला आणि सभेनेही. गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार गेली ती वेगळीच.

आधी लॉज झाला. तिथे मालकाने मान डोलावली आणि दिशाला परत बोलावलं. मग भर उन्हात केसर पाटी घेऊन पुढे आणि ग्रामसेवक मागे. प्रत्येक दारात तो म्हणायचा, “दिशा पूर्ण बरी आहे. तिचं दुखणं जाहीर करणं ही माझी चूक.” केसरने त्याला एकही दार चुकवू दिलं नाही. त्याचं स्वतःचंही नाही.

तिथे त्याच्या आईने दार उघडलं. “काय गं केसर, माझ्या लेकाला का फिरवतेस?”

आत अमिषा भिंतीला टेकून उभी होती. केसरने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“दुसऱ्याच्या घरातलं चारचौघांत बोलला तो, आजी,” ती म्हणाली. “तसं बोलू नये.”

नागरिकहो, केसरने अल्पेशला आजही माफ केलेलं नाही. प्रत्येक ग्रामसभेत ती पहिल्या रांगेत बसते आणि विचारते, काम कोणाला दिलं, का दिलं, कसं झालं? त्याला दरदरून घाम फुटतो. तिला बरं वाटतं. वाटू दे! तो तिचा हक्क आहे. कारभाराचा प्रत्येक कोपरा आपण उजेडात आणला पाहिजे, आणि विश्वासाने सांगितलेलं माणसाचं दुखणं झाकलं पाहिजे, मग ते माणूस वैऱ्याच्या घरातलं का असेना. सूड घ्यायचाच, तर तो असा घ्यावा, की वैऱ्याची मान खाली जाईल, आपली नाही.