मुकी पट्टी

माझ्या दुकानात दोनच रंगांच्या चिठ्ठ्या असतात. तांबडी म्हणजे काम बाकी, हिरवी म्हणजे काम झालं. तेहतीस वर्षं मी वाद्यं दुरुस्त करते आहे आणि तिसऱ्या रंगाची गरज मला कधी पडलेली नाही. गिऱ्हाईक वाद्य आणतं, मी उघडते, काय ते बघते, तांबडी काढते आणि हिरवी बांधते. अर्धवट काम दिसलं की माझे हात शिवशिवतात. आमचे हे म्हणायचे, "तुझ्यासमोर जांभई द्यायची भीती वाटते. जबडा ढिला झालाय म्हणून आवळायला घेशील."

अशा बाईच्या सख्ख्या भावाच्या अ‍ॅकॉर्डियनची एक पट्टी एकतीस वर्षं मुकी होती! उजव्या हाताची, मधली, पांढरी. दाबली की सूर नाही, नुसती हवा फुस्स. घरात आम्ही त्या अ‍ॅकॉर्डियनला पेटीच म्हणायचो. दर दोन-तीन वर्षांनी दादा ती माझ्याकडे आणायचा, भात्याच्या घड्या चिकटवून घ्यायचा, खांद्याचा पट्टा शिवून घ्यायचा आणि जाताना दम भरायचा, "त्या पट्टीला हात लावायचा नाही हं, शहाणे." का, ते सांगायचा नाही. बेकरीत पडली म्हणून मोडली, एवढंच म्हणायचा. मी म्हणायचे, हट्ट, दुसरं काय! आमच्या घरात हट्टाचा तुटवडा कधीच नव्हता.

दादा बेकरीत पाव भाजायचा. पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा आणि पाचच्या ठोक्याला लाँड्रीच्या पायऱ्यांवर पेटी घेऊन बसायचा. समोर पत्र्याचे डबे आणि नळकांडी बनवणारा एक तरुण होता, त्याला सगळी गल्ली ठोक्या म्हणायची. तोच पुढे आमचे हे झाला. लग्न झाल्यावर दादाने बढती देऊन त्याचं ठोकेराव केलं. पाच वाजले की ते एक डबा पालथा घालून दादाच्या शेजारी बसायचे.

दादाची स्वतःची एक चाल होती. तिला नाव नव्हतं. पट्टी मोडायच्या आधीच ती चाल त्याच्या बोटांत बसलेली होती, त्यामुळे तिसऱ्या ओळीत बोट त्या मुक्या पट्टीवर जायचंच. तिथे सूर गायब! त्या रिकाम्या जागेत हे डब्यावर दोनदा ठोकायचे, ठक् ठक्, आणि त्याच्याबरोबर सगळी गल्ली दोन टाळ्या द्यायची. लाँड्रीवाल्या मावशी इस्त्री बाजूला ठेवून टाळ्या द्यायच्या. न्हावीकाका गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं सोडून दारात यायचे. गल्लीतली पोरं चालायच्या आधी त्या दोन टाळ्या शिकायची, ह्यात अतिशयोक्ती नाही. मी तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराकडे काम शिकत होते. घरी येताना टाळ्या ऐकू आल्या की पाय आपोआप उचलले जायचे. दिवसभराचा शीण त्या वळणावरच उतरायचा. आज कितीही आठवलं तरी त्या पाचच्या वेळेची भूक भागत नाही.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. दादाने पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा हात लावला नाही. मीही कधी विषय काढला नाही. दोघांनाही डब्यावरची ती थांबलेली ठक् ठक्च ऐकू येत होती, मग बोलायचं काय?

दरवर्षी आमच्या शहरात तीन दिवस कलामहोत्सव असतो. गाड्या बंद, रस्ते माणसांचे, जागोजागी स्टेज. यंदा आमच्या गल्लीलाही एक स्टेज मिळालं, चौदा नंबरचं, नेमकं जुन्या लाँड्रीसमोर. लाँड्रीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. स्टेजची जबाबदारी आमच्या निवृत्त पोस्टमनकडे होती. तो थेट दादाकडे गेला आणि म्हणाला, "शनिवारी पाच वाजता दहा मिनिटं रिकामी आहेत. तुझीच आहेत."

दादा नाहीच म्हणणार, ह्याची मला खात्री होती. पण महोत्सवानंतरच्या मंगळवारी दादा आणि वहिनी मुलाकडे राहायला जाणार होते, समुद्रापलीकडे, कायमचे. घर विकलं होतं. वहिनी म्हणाली, "एकदाचं वाजवा. नाहीतर तिकडे जाऊन माझं डोकं खाल, वाजवायला हवं होतं म्हणून." दादा हो म्हणाला. म्हणजे ती चाल मला आणखी एकदा ऐकायला मिळणार होती, आणि ते शेवटचं.

दोन आठवडे आधी त्याने पेटी आणून दिली. "सगळं बघून ठेव. घरात खोकी भरलीत, ठेवायला जागा नाही, शनिवारीच घेईन."

"सराव?"

"ती चाल मी झोपेतही वाजवेन. आणि हे बघ, ती पट्टी..."

"माहितीये रे बाबा, माहितीये."

माहीत असूनही मी केलं. आता कबूल करते. पेटी उघडली, भात्याचे कोपरे बदलले, सगळं झालं आणि हातात हिरवी चिठ्ठी घेऊन बसले. बांधवेना. दादा कायमचा निघाला, मी त्याला देणार काय? स्वेटर? माझ्या हातात एकच विद्या आहे. शिवाय खरं सांगायचं तर अक्कल पाजळायची खुमखुमीही होती. एकतीस वर्षं माझ्या नाकावर टिच्चून ती पट्टी मुकी राहिली होती. मी आतली पाटी काढली. हवेने थरथरून तो सूर काढणाऱ्या दोन्ही पोलादी जिभा मोडलेल्या होत्या. नव्या बसवल्या, घासून सुरात आणल्या आणि पट्टी दाबली. काय सूर होता! गोल, भरलेला. मला रडू आलं. मी हिरवी चिठ्ठी बांधली आणि घरी जाऊन मोठं पुण्य केल्यासारखी जेवले.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं महोत्सवात भटकलो. काय गर्दी आणि काय आवाज! चपलांच्या दुकानासमोर एक बाई स्वतःपेक्षा उंच वाद्याला मिठी मारून असा काही खर्ज काढत होती की दुकानातल्या काचा थरथरत होत्या. इस्पितळाच्या फाटकात आठ परिचारिका पांढऱ्या बुटांतच गात होत्या, त्यांतली एक मध्येच कामावर पळाली आणि दुसरी तिच्या जागी येऊन गायला लागली. टपाल कचेरीसमोर तीन भाऊ पितळी वाद्यं फुंकत होते, धाकट्याचे गाल बघून वहिनी हसतच सुटली. एका स्टेजचं गाणं संपायच्या आत दुसऱ्याचं कानात शिरायचं. दादा प्रत्येक ठिकाणी थांबायचा, मान डोलवायचा, मग हळूच म्हणायचा, "बरं वाजवतात, पण आपल्या गल्लीसारखी टाळी नाही." मी मनात म्हणत होते, थांब, तुला गंमत दाखवते.

पाच वाजता पोस्टमनने शिट्टी वाजवली. गल्ली भरलेली होती. अर्धे लोक अनोळखी, पण पुढे खुर्च्यांवर आमची जुनी मंडळी. लाँड्रीवाल्या मावशींना त्यांच्या सुनेने धरून आणलं होतं. न्हावीकाका काठी टेकून बसले होते.

दादाने भाता ओढला. पहिली ओळ. दुसरी ओळ. मावशींनी मांडीवरचे हात उचलले. तिसरी ओळ आली, दादाचं बोट त्या पट्टीवर गेलं आणि सूर लागला. मोठा, स्वच्छ, मी घासून आणलेला.

मावशींचे हात हवेतच राहिले. न्हावीकाकांची एक टाळी वाजली, ती सुरात बुडाली आणि काका ओशाळून इकडेतिकडे बघायला लागले. दादा थांबला. त्याने ती पट्टी पुन्हा दाबली. सूर. पुन्हा दाबली. सूर. अनोळखी लोकांना वाटलं ही गंमत आहे, ते हसले. दादाने माझ्याकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. ओळखीच्या दारावर थाप मारावी आणि भलत्याच माणसाने दार उघडावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

मी स्टेजवर चढले. माईकवर हात ठेवला.

"शहाणे, काय केलंस?"

"दुरुस्त केली. मला वाटलं, तुला आवडेल."

"कुणी मोडली होती, माहितीये?"

"बेकरीत पडली होती ना?"

"बेकरीत कसली! ठोकेरावांनी पाडली. आपल्या जिन्यात. म्हटलं, जरा वर नेऊन दे, तर सात पायऱ्यांवरून गडगडवली. चोवीस वर्षांचा घोडा, पायरीवर बसून रडत होता. दुरुस्त करून देतो, दुरुस्त करून देतो, एकच घोशा. मी म्हटलं, दुरुस्त नको. तो सूर मोडलास, आता तूच भर. रोज पाच वाजता यायचं आणि तेवढ्या जागेत ठोकायचं. म्हणून तो लाँड्रीच्या पायऱ्यांवर बसायला लागला. नाहीतर तुला कुठून दिसला असता?"

तेवीस वर्षं एका घरात राहिलो आम्ही. "मला कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाले.

"शपथ घातली होती मला. म्हणाला, ती वाद्यं दुरुस्त करायला शिकतेय, तिला कळलं तर माझं तोंड बघणार नाही."

खरंच बघितलं नसतं. तेव्हाची मी तशीच होते. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर ह्यांची इतकी आठवण आली की मी दादाच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. खाली पोस्टमन मनगटावरच्या घड्याळावर बोट मारून दाखवत होता. चार मिनिटं राहिली होती.

"आता?" दादा म्हणाला. "बोट तिथे जाणारच. इतक्या वर्षांची खोड आहे. टाळायला गेलो तर सगळीच चाल विसरेन."

स्टेजवर पेटी उघडायची सोय नव्हती. हत्यारं दुकानात. माझ्या हातात महोत्सवाचा कार्यक्रम छापलेला कागद होता. मी तो चार वेळा दुमडला, पट्टीच्या खाली सारला आणि अंगठ्याने ठासून बसवला. दाबून बघितलं. पट्टी हलेना. गप्प. जन्मात पहिल्यांदा मी चालतं वाद्य बिघडवलं होतं आणि माझे हात जरासुद्धा शिवशिवले नाहीत.

"वाजव," मी म्हटलं.

दादाने पहिल्यापासून धरलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बोट पट्टीवर गेलं आणि ती ओळखीची रिकामी जागा आली. डबा ठोकायला कुणी नव्हतं. मी मुठीने दादाच्या खुर्चीच्या पाठीवर ठोकलं, ठक् ठक्, आणि समोरून मावशी, न्हावीकाका, पोस्टमन, वहिनी, सगळ्यांच्या टाळ्या एकदम आल्या. दुसऱ्या फेरीला अनोळखी लोकही शिकले. चौथ्या फेरीला पलीकडच्या रस्त्यावरूनही टाळ्या ऐकू येत होत्या. मोबाइलच्या दुकानातला माणूस टाळ्या द्यायला बाहेर आला, तो लाँड्रीच्या दारातच उभा होता. मी डोळे पुसले नाहीत, कारण हात ठोकण्यात गुंतलेला होता.

उतरताना दादा म्हणाला, "तू अगदी वेळेवर ठोकतेस. ठोकेरावांना पंचवीस वर्षांत जमलं नाही. कायम घाईत."

"तू त्यांना सांगितलं का नाहीस मग?"

"सांगून काय करायचं? रोज यायचे ना."

मंगळवारी ते गेले. पेटी दादाने नेली नाही. वहिनीने सामान मोजून बांधलं होतं हे खरं, पण दादाने दिलेलं कारण वेगळं होतं. "तिकडे टाळी कोण देणार?" म्हणाला आणि पेटी माझ्या टेबलावर ठेवून, मागे न बघता, पायऱ्या उतरला.

आता ती दुकानात वरच्या फळीवर आहे. कागदाची घडी तशीच आहे, तिच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर चौदा नंबर आणि पाचची वेळ वाचता येते. परवा एक गृहस्थ सनई घेऊन आले. बारीक नजरेचे होते. पेटीकडे बघून म्हणाले, "बाई, ह्या पेटीची एक पट्टी अडकलेली दिसते, खाली कागद आहे. आणि तुम्ही हिरवी चिठ्ठी लावलीत. चुकून लागली का?"

"नाही," मी म्हटलं. "तिचं काम झालंय."