शीतलबाबांची डबी

बिडकीनच्या बाजारतळावर शीतलबाबांच्या मांडवात बसायला जागा नव्हती. माणसं सदरे वर करून एकमेकांना पाठी दाखवत होती. गेल्या गुरुवारी लालभडक असलेलं गजकर्ण आज फिकं, खाजही गेलेली. बाबा डबीतला राखाडी लेप बोटावर घेत होते. "रोग देहाचा नसतो, बाळ. देहातल्या भांडणाचा असतो."

माझा शेजारी पुंजाराम, त्यालाही गजकर्ण झालेलं. त्याच्या अंगातलं भांडण बाबांना गेल्याच गुरुवारी सापडलं होतं. त्याला बायकोची, द्वारकाबाईंची किडनी बसवलेली. "बाईचा अवयव पुरुषात रुसला. शहराच्या गोळ्या त्याला चिडवतात. बंद कर."

पुंजारामने त्या अखेर कालपासून बंद केल्या होत्या.

"केशवभाऊ, तुमी लई वाचता," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "माझी किडनी रुसली असंल का हो?"

माझ्या वाचण्यावर माझाच भरवसा नसतो. तरी म्हणालो, "गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं."

पुंजाराम हसला. "भाऊ, तुमाला रिक्षावाल्याला थांब म्हणायची भीती वाटती."

"मी म्हणते थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "चला."

शहरात डॉक्टर श्रेयांनी चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून काचेवर घेतली आणि द्वारकाबाईंना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं.

"दोऱ्यावानी काय हाय ह्ये?"

"बुरशी. किडनी टिकावी म्हणून त्या गोळ्या अंगाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. तेवढ्यात हिचं फावतं. हिच्यावर वेगळं औषध आहे, पण तुमच्या गोळ्यांशी जुळवून द्यावं लागतं. त्या गोळ्या बंद केल्या तर किडनीच जाईल."

"मग लाली कशी गेली?" पुंजारामने विचारलं.

बाबांनी पुंजारामला दिलेल्या डबीतला लेप डॉक्टरांनी तपासायला पाठवला. राखेत कालवलेलं स्टेरॉइडचं मलम निघालं. त्याने लाली, खाज दबते. बुरशी मात्र खाली निवांत पसरते. पुंजारामचा चट्टा फिका होऊन पोटावरून कमरेच्या खाली उतरला होता. ते त्याने मांडवात कुणाला दाखवलं नव्हतं.

किडनी वाचली. संध्याकाळी द्वारकाबाई गोळी त्याच्या तळहातावर ठेवतात आणि तो गिळेपर्यंत उभ्या राहतात. "वस्तू माझी हाय. ती रुसली का, ते मला विचारायचं. बाबाला नाय."

मी मांडवात जाऊन हे सांगितलं. आवाज फारसा निघाला नाही. दोघांनी ऐकलं, बाकीचे रांगेत सरकले. म्हणून इथे लिहितो: लाली गेली म्हणजे रोग गेला असं नव्हे. डबीत काय आहे ते विचारा. सांगत नसतील, तर झाकण लावून परत द्या.