डायरेक्ट

एकवीस दिवस झाले, दुपारचा पंखा एकदाही बंद पडला नव्हता.

क्षिप्राने दिवस मोजले होते, कारण ती सगळंच मोजायची. उन्नतीचे दात, जिन्याच्या पायऱ्या, गॅलरीच्या गजांमधलं अंतर. उन्नती चौदा महिन्यांची झाली होती, भिंत धरून चालायला लागली होती, आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू क्षिप्राला गुडघ्याएवढ्या उंचीवरून दिसायची. कोपरे, बिजागऱ्या, सॉकेटची तीन काळी भोकं. आशुतोष, तिचा नवरा, म्हणायचा, "तू ऑफिस सोडलंस, पण ऑफिसने तुला काही सोडलं नाही."

खोटं नव्हतं ते. बाळंतपणाआधी चार वर्षं ती बेलापूरच्या एका कन्सल्टंटकडे इमारतींच्या वायरिंगचे नकाशे काढत होती. तिथल्या वैजयंती मॅडमच्या टेबलावर बिल्डिंग कोडच्या आणि वायरिंगच्या मानकांच्या प्रती असत, वापरून वापरून फुगलेल्या. मॅडमना नुसता आकडा चालत नसे. कच्च्या नकाशावर आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहायचं, हा कशासाठी. शंभर मिलिअँपिअरशेजारी 'आग'. तीसशेजारी 'माणूस'. वीज आपली वाट सोडून एवढीशी जरी कुणाच्या अंगातून जमिनीकडे निघाली, तरी पापणी लवायच्या आत मेन तोडतो तो खटका. कागदावर त्याचं नाव लांबलचक. इथे शिरवणे गावात त्याला सगळे 'ट्रिप' म्हणत.

घरमालक गोटीराम काकांच्या तीन मजली घराला असा एकच ट्रिप होता, खाली मीटरच्या खोलीत. नकाशात क्षिप्राने प्रत्येक घराला वेगळा दिला असता. इथे एकाचं बिघडलं की तिन्ही मजले गार. आणि मागच्या महिन्यात तर रोजचंच झालं होतं. दुपारी उन्नतीला झोपवायचं, मशीनला कपडे लावायचे, जरा पाठ टेकायची, की खट्ट. पंखा रेंगाळत थांबायचा, पोर घामेजून उठायची आणि संध्याकाळपर्यंत किरकिर करायची. शेवटी क्षिप्राच काकांच्या दारात गेली होती. "काका, सारखं ट्रिप होतंय हो. बघा ना काहीतरी. माझी मुलगी झोपतच नाही."

दुसऱ्याच दिवशी काकांचा पुतण्या दिपेश आला. तो गावातला वायरमन. दहा मिनिटं मीटरच्या खोलीत होता. त्यानंतर पंखा अखंड. क्षिप्राने त्याला चहा दिला होता, वर चकल्या. "देवमाणूस आहेस रे," असंही म्हणाली होती.

आज उन्नती बाराच्या आतच झोपली. खाली अंगणात मांडव पडला होता. काकांच्या मुलीची, सुचिताची, आज हळद. ढोलकीचा आवाज, तांदळाच्या वड्यांचा वास, बायकांची हसाहस. क्षिप्राने मशीन लावलं आणि ओट्यावरची भांडी धुवायला नळाला हात घातला.

झिणझिण.

तिने हात मागे घेतला. मग उलट्या बोटाने, जरासंच, पुन्हा टेकवला. झिणझिण. मुंग्या बोटातून मनगटापर्यंत चढल्या.

गीझर बंद होता, तरी तिने त्याचा स्विच पुन्हा पाहिला. पुन्हा नळ. पुन्हा मुंग्या. म्हणजे हे कुठूनतरी येतंय. मांडवातून, बहुतेक. शंभर दिवे टांगलेत मेल्यांनी. पण मग खाली खटका का नाही पडला? एवढं गळतंय तर पडायला हवा. पडायलाच हवा!

झोपलेल्या पोरीला एकटं सोडणं तिला जमणारं नव्हतं. उन्नतीला खांद्यावर टाकून ती दोन मजले उतरली. मीटरच्या खोलीचं दार उघडं होतं. ट्रिपवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. दाबलं की खटका पडलाच पाहिजे, ती त्याची परीक्षा. क्षिप्राने दाबलं. मांडवात गाणं चालूच राहिलं. पुन्हा दाबलं. मग तिने नीट पाहिलं. वरून येणाऱ्या वायरी खटक्यात जातच नव्हत्या. त्या बाजूने खाली आणून खालच्या वायरींना जोडल्या होत्या, वर काळी टेप. खटका नुसता शोभेला.

"दिपेश!"

दिपेश मांडवाच्या खांबाला माळ गुंडाळत होता. "बोला वयनी."

"तो ट्रिप… तू काय केलंस त्याला?"

"डायरेक्ट केला ना. तुमीच बोललाव, पोरगी झोपत नाय." त्याने दात दाखवले. "आता पडतंय का कदी?"

एकवीस दिवस. एकवीस दिवस तिची पोर भिंत धरून, ओल्या फरशीवर, ज्याला त्याला हात लावत फिरली होती. आणि ती देवाचे आभार मानत होती, पंखा थांबत नाही म्हणून.

"आत्ता जोड परत. आत्ताच्या आत्ता."

"वयनी, येड्या झाल्याव काय? आता लावला न् पडला तर? आख्खा गाव येनार हाय."

गोटीराम काका आले. अंगावर नवा शर्ट, त्याचं लेबलही अजून निघालं नव्हतं. "काय झाला ताई?"

तिने सांगितलं. नळ, मुंग्या, खटका. बोलता बोलता तिचा आवाज चढला, 'तीस मिलिअँपिअर' म्हणून झालं, 'मानक' म्हणून झालं, आणि काकांच्या चेहऱ्यावर उमटलं ते इतकंच की ही बाई शिकलेली आहे आणि घाबरलेली आहे.

"ताई, जवा पडत व्हता तवा तुमाला तरास. आता पडत नाय तरी तुमाला तरास. आज लाईट बंद व्हनार नाय. पोरीची हलद हाय. उद्या लग्न लागला का परवा बगू."

"परवा?"

"नाय तर तुमी जावा ना आईकडं दोन दिवस. खारघरला हाय ना आई?"

वर येऊन तिने आशुतोषला फोन लावला. तो कंपनीत होता, मागे यंत्रांचा गोंगाट. तोही तेच म्हणाला. "भांडत बसू नकोस. उन्नतीला घे आणि खारघर गाठ. मी संध्याकाळी बघतो." 

पटण्यासारखं होतं. तिने भराभर पिशवी भरली. लंगोट, बाटली, औषध, मऊ टोपी. मोरीजवळ मशीन घरघरत होतं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. उन्नती कडेवर, पिशवी खांद्यावर, कुलूप, जिना. आपलं पोर सुटलं की झालं, बाकीचे मोठे आहेत, सांगून झालंय आपलं. प्रत्येक पायरीला ती हे स्वतःला बजावत होती.

मांडवात पाटाभोवती पाणी सांडलं होतं. हळदीआधीची न्हाण्याची तयारी. सुचिता अनवाणी उभी, दोन बायका तिच्या पायावर पाणी घालत होत्या. शेजारी बायजाबाई बसली होती. ही गावची धवलारीण, तिने धवले म्हटल्याशिवाय इथे कुणाचं लग्न लागत नाही. तिने माईक तोंडाशी नेला आणि झटकन मांडीवर टाकला.

"गो बाय! माईक चावतंय!"

सगळा मांडव हसला. "तुज्या गाण्याला भ्यायला तो," कुणीतरी म्हणालं. "ओठाला मिशी लागली आसंल!" बायजाबाईने हसत हसत माईकला पदर गुंडाळला आणि तो सुचिताच्या हातात देऊ लागली. "घे, नवरी, तूच बोल दोन शब्द. तुला नाय चावनार."

सुचिताचे पाय पाण्यात होते.

"नको! हात लावू नकोस!"

क्षिप्रा एवढ्या जोरात ओरडली की उन्नती जागी होऊन भोकाड पसरून रडायला लागली आणि ढोलकी थांबली. पिशवी कुठे टाकली ते तिला कळलं नाही. 

"दिपेश, तुझा टेस्टर आण. माझं ऐकू नका कुणी. टेस्टर लाव माईकला."

दिपेशने काकांकडे पाहिलं. त्याने खिशातला टेस्टर काढला, कोरड्या पाटावर उभा राहिला आणि माईकच्या जाळीला टोक लावलं. आतला दिवा पेटला. नारिंगी. त्याने मांडवाच्या लोखंडी खांबाला लावलं. तिथेही. हा खांब त्यानेच, जोखीम नको म्हणून, घराच्या अर्थिंगच्या वायरीला बांधला होता.

"आयला," दिपेश हळूच म्हणाला. 

काकांची आई, यशोदाबाई, खुर्चीत बसून सगळं बघत होती. आता ती काठी टेकत उठली. "गोट्या, बंद कर लाईट."

"आये, पावनं…"

"पावनं आंधारात जेवतील. नातीला मारून लाईट कशाला पायजेल? बंद कर!"

मेन पडला. ढोलकी नाही, दिवे नाहीत, नुसती उन्नतीची रड. यशोदाबाईने हात पुढे केले आणि क्षिप्राने, जी कुणाच्या हातात पोर द्यायची नाही, तिने ती दिली.

"काका, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" तिने विचारलं. गळलेली वीज मुकाट जमिनीत जायची वाट तीच. कुणालाच माहीत नव्हतं. यशोदाबाईने काठी अंगणातल्या नव्या पेव्हर ब्लॉकवर आपटली. लग्नासाठी हे ब्लॉक गेल्या महिन्यातच बसवले होते.

"हितं. म्हाताऱ्याने खनला, मीठ न् कोलसा मी टाकला. आमच्या आगराचा मीठ व्हता. दर उन्हाल्यात पानी घालायची मी. तुमी वरती लाद्या मारल्याव."

दिपेशने चार ब्लॉक उचकटले. खाली माती सुकून दगड झाली होती आणि खड्ड्याकडे जाणारी पट्टी कुदळीने तोडलेली. म्हणजे गळणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती. ती घरभर फिरत होती, कुणीतरी वाट होण्याची वाट बघत.

पट्टी जोडली, बायकांनी कळशीभर पाणी ओतलं. दिपेशने टेप सोडवून वायरी पुन्हा खटक्यात घातल्या. मेन लावला. खट्ट, ट्रिप पडला. मांडवाची लाईन काढली. खट्ट. काका घामाघूम. "बगा, ह्याच्यासाठीच डायरेक्ट केलेला!"

"काका, तो बिघडलेला नाही. तो सांगतोय," क्षिप्रा म्हणाली. "एकेक घर काढून बघू." मांडवाचंच काहीतरी असणार अशी तिची खात्री होती. ती लाईन काढली तरी पडतोय, मग तळमजला असेल. काकांचा जुना फ्रीज.

तळमजला काढला. खट्ट. पहिला मजला काढला. खट्ट.

दुसरा मजला काढला आणि ट्रिप उभा राहिला.

कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही, कारण दुसऱ्या मजल्याचा अर्थ अजून कुणाच्या ध्यानात आला नव्हता. फक्त दिपेशच्या आला. तो खाली बघत टेप गुंडाळत राहिला. क्षिप्राला एकदम मशीन आठवलं. रोज दुपारी, पोर झोपली की मशीन. मशीन लावलं की खट्ट. एवढं सरळ होतं, नकाशावर असतं तर पहिल्याच दिवशी तिने बोट ठेवलं असतं. घरात तिला फक्त थांबलेला पंखा दिसला होता.

ती धावत वर गेली. मशीन अर्ध्या पाण्यात थांबलेलं. प्लग उपसून तिने ते भिंतीपासून ओढलं. मागची वायर उंदराने कुरतडली होती, आतलं तांबं मशीनच्या पत्र्याला टेकलेलं. पत्र्याच्या खालच्या भागावर चिकट ठसे होते. बिस्किटाचे. उन्नतीच्या छातीएवढ्या उंचीवर, पाच बोटं, मग आणखी पाच.

ती तिथेच उकिडवी बसली. हे ठसे पुसायचे की नाही, तेवढंही तिला ठरवता येईना.

खाली जाऊन 'सापडलं, दुरुस्त झालं' एवढंच म्हणता आलं असतं. दिपेश बोलला नसता. जिन्यात ती तीनदा थांबली. 

"काका," मांडवात येऊन ती म्हणाली, "माझंच होतं. माझ्या मशीनचं. मीच तक्रार केली आणि मीच…"

काकांनी पाटाकडे, सुचिताच्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे एकवीस दिस आख्ख्या घराला तुमच्या लंगोटांचा करंट."

पहिली हसली बायजाबाई. यशोदाबाई हसली नाही. ती उन्नतीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तू निगाली व्हतीस ना गो, पिशवी घेऊन? मग फिरलीस कशाला?"

क्षिप्राने सुचिताकडे पाहिलं. म्हातारीने मान हलवली, जणू उत्तर मिळालं. "जेवल्याबिगर जायचा नाय आज."

सगळं निस्तरेपर्यंत अंधारून आलं होतं. दिवे लागले. दिपेशने टेस्टर माईकला लावून दाखवला, दिवा पेटला नाही. बायजाबाईने तरी आधी एका बोटाने माईक चाचपला, मगच धवला धरला. सुचिताच्या गालाला पहिली हळद लागली. म्हातारीच्या मांडीवर उन्नती पुन्हा पेंगली, टेबलपंख्याच्या वाऱ्यात.

क्षिप्रा मीटरच्या खोलीत गेली. 'टी'चं बटण दाबलं.

खट्ट.

गाणं मध्येच तुटलं, दिवे गेले, पंखा रेंगाळत थांबला. क्षणभराने उन्नतीची रड ऐकू आली, झोपमोडीची, चिडकी, जिवंत. क्षिप्रा ती ऐकत उभी राहिली. मग खटका वर केला, आणि खात्रीसाठी आणखी एकदा बटण दाबलं.

"ताई!" अंधारातून काका ओरडले. "बास आता!"