बॅटरी कोण उतरवतं

पहाटेच दोघा भावांची जुंपली. टेंपोला किल्ली मारली की नुसतं कट-कट, आणि मागं भाजीच्या पाट्या भरलेल्या. बाजाराची वेळ टळली की भाजी मातीमोल. वाटण्या झाल्या होत्या, चुली दोन झाल्या होत्या, पण बापाच्या जुन्या टेंपोचे काही दोन तुकडे करता आले नव्हते. थोरल्याला खात्री होती, धाकटा रात्री गाडीत बसून गाणी ऐकतो. धाकटा म्हणे, चोराच्या उलट्या बोंबा. शेवटी गाडी ढकलून चालू केली आणि बाजारावरून येताना मिस्त्रीकडं नेली.

मिस्त्रीनं बॅटरीची तार सोडून मध्ये बल्ब जोडला. कुठं वीज मुरत असली तर हा पेटेल, म्हणाला. बल्ब काही पेटला नाही.

"गाडीत खोट नाही. रात्री उभी कुठं करता?"

"आईच्या पडवीला लागून."

"मग दिवेलागणीला तिथंच बघू."

दिवेलागणीला तोच बल्ब मंद पेटला. थोरल्यानं धाकट्याकडं डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात पडवीतून म्हातारीचा आवाज आला.

"कोण आहे रे? दिवा का मंदावला माझा?"

माल चढवताना उजेड हवा म्हणून बापानं मागच्या फळीखाली सॉकेट बसवलं होतं. पोरं ते विसरली होती, म्हातारी विसरली नव्हती. त्यातून एक वायर भिंतीच्या भोकातून पडवीत गेली होती. अंधार पडल्यावर दोघांपैकी कुणी तिकडं फिरकत असतं तर उजेड केव्हाच दिसला असता.

"रात्री उठले की उंबरठ्याला ठेचकाळते रे," म्हातारी दारात येऊन म्हणाली. "पहाटे तुम्ही यायच्या आत काढून ठेवते."

थोरल्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण ती निम्मी वाटून घ्यायला धाकटा शेजारीच उभा होता. घरातून एक तार ओढून द्या की, मिस्त्री म्हणाला. थोरला म्हणाला, मीटर धाकट्याच्या भिंतीला आहे. धाकटा म्हणाला, पडवीला घर थोरल्याचं लागून आहे. पुन्हा जुंपली, आणि कुणीच मागं हटेना.

नुसती वायर काढून भागणार नव्हतं, म्हातारीनं उद्या परत जोडली असती. थोरल्यानं पक्कड मागितली. मिस्त्रीनं ती पिशवीत टाकली आणि पैसे न घेताच वाटेला लागला. तेव्हा धाकट्यानं घरातून विळा आणला आणि थोरल्यानं वायर ताणून धरली. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच दोघे भाऊ एका कामाला लागले होते.