डच राजवाड्यासमोरचं झाड

आकारामनं बावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, कोल्हापूर ते कोची आणि परत. दिवाळीनंतर त्यानं स्टिअरिंग सोडलं. कंबर गेली, डोळे गेले, माणूस नुसता शिणून गेला. आता घरात पडून राहावं, एवढंच त्याचं मागणं. पण सुखाचा जीव दुःखात घालायला पोटची पोर असतेच की! मुरगूडला दिलेली क्रांती आली आणि आल्या आल्या तिनं रेल्वेची तिकिटं आईच्या हातात ठेवली.

"आबा, आईला कोचीची समदी म्युझियमं दावून आणा. तुमास्नी तर पाठ हाईत."

आकारामनं तिकिटांकडं बघितलं. पाठ कसली डोंबलाची! रस्ता पाठ होता. म्युझियमचा उंबरा त्यानं एकदाही ओलांडला नव्हता. गाडीतले पावणे आत जायचे आणि हा झाडाखाली गाडी लावून घोरायचा. रात्रभर गाडी हाकलेला माणूस दुसरं काय करणार? पण घरी आला की बायको, चिमणाबाई, विचारायची, "काय काय बघितलंसा?" तिला काय, स्टिअरिंग बघितलं म्हणून सांगायचं? मग पावण्यांच्या बडबडीतलं उचलून तो डच राजवाड्यातल्या पालख्या सांगायचा, भिंतीवरचं रामायण सांगायचा. जयसिंगपूरच्या पलीकडं कधी न गेलेली ती बाई भाकरी थापायची थांबून ऐकायची.

आता तिथं गेल्यावर बावीस वर्षांची थाप उघडी पडणार होती. लेक सैपाकघरात गेली तसा तो कसाबसा बोलला, "चिमणे, मी म्युझियमच्या आत कदीच गेलो न्हाय गं."

"ठावं हाय की."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच. पालखी एकदा चार भोयांची, एकदा आठ भोयांची. पर झाड? शिरीषाचं, बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, मागं पाण्याचा नळ, चार वाजता सावली सरकती. त्यात कदी बदल न्हाय."

आकारामला मान वर करवेना. "मग इतकी वर्सं गप का बसलीस?"

"दमून आल्याल्या माणसाला खोटं पाडून काय मिळवायचं हुतं मला?" चिमणाबाईनं तिकिटं पदराच्या गाठीला बांधली. "म्युझियम मागनं दोघं मिळून बघू. आदी ते झाड दावा. बावीस वर्सं तुमी कुठं निजत हुतासा, ते बघायचं हाय मला."